धूळपाटीपासून अंगणवाडीपर्यंत

विजयादशमीच्या सकाळीं महाराष्ट्रांतल्या पुष्कळ घरीं पाटीपूजन होतें. देवापुढें पाट मांडावयाचा, त्यावर पाटी ठेवावयाची, पाटीवर सरस्वती काढावयाची आणि तिला झेंडूचें फूल वाहावयाचें. ही सरस्वती काढण्याची रीत मोठी मार्मिक आहे. ती देवीची मूर्ति नव्हे, नुसती एक आकृति. आणि ती आकृति बनते ‘एक’ या आंकड्यानें. एकाशेजारीं एक, सुलटा आणि उलटा, असे एक जोडीत गेलें कीं पाटीवर सरस्वती उभी राहते. विद्येची देवता अंकांतून घडवावी ही कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली, त्यानें अक्षर आणि अंक हीं सख्खीं भावंडें आहेत हें बोट फिरवितां फिरवितां मुलांस सांगून ठेवलें.

विद्येच्या आरंभास मराठींत ‘श्रीगणेशा करणें’ म्हणतात. जुन्या शाळेंत ‘श्रीगणेशाय नमः’ हें पहिलें वाक्य मुलाकडून गिरवून घेत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. ‘ओनामा’ हा दुसरा शब्द. ‘ॐ नमः सिद्धम्’ या वाक्याचें बालमुखांत ‘ओनामासीधं’ झालें आणि त्याचा पूर्वार्ध भाषेंत राहिला. पांच वर्षांच्या मुलास या दोहोंचा अर्थ कळत नसे. परंतु हात वळत असे आणि कान तयार होत असे. लहान मुलास अक्षर आणि अंक कसे शिकवावे या प्रश्नाचा महाराष्ट्रांतील इतिहास पाहूं गेल्यास तो या हाताचा आणि कानाचाच इतिहास आहे असें दिसून येतें.

गणपतीचें नांव घेऊन विद्येस आरंभ करणाऱ्या या देशांत तासगांव हें गणपतीचेंच गांव होय. परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं आपल्या जहागिरीच्या या मुख्य ठिकाणीं १७७९ सालीं गणपतीच्या देवालयाचें काम सुरू केलें आणि १७९९ सालीं तें पुरें झालें. त्याच सालीं भाऊ पट्टणकुडीच्या लढाईंत पडले. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत आयुष्य गेलेल्या या सरदाराच्या देवालयास सात मजल्यांचें दक्षिणी धर्तीचें गोपुर आहे, आणि भाद्रपद शुद्ध पंचमीस तेथें गणपतीचा रथ निघतो. अशा जहागिरीच्या गांवीं हिशेबास खळ नसे. फौजेचा पगार, घोड्यांचा दाणा, गांवोगांवचा वसूल, देवालयाच्या दगडचुन्याचा खर्च, हें सारें मोडी लिपींत टिपून ठेवणारा कारकून पाहिजे. तो कारकून ज्या शिक्षणांतून तयार होई, तें पंतोजींच्या शाळेंतलें शिक्षण.

पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरींत, कोणाच्या पडवींत, नाहीं तर एखाद्या सावकाराच्या वाड्यांत भरे. मुंबई सरकारच्या कौन्सिलांतील सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असें लिहून ठेवलें आहे कीं, आपल्या मुलखांत शाळा नाहीं असें गांव, लहान वा मोठें, क्वचितच सांपडेल. या शाळेस ना बांक, ना फळा, ना छापील पुस्तक. पंतोजींस दर मुलामागें थोडे पैसे, धान्य आणि सणावारीं शिधा मिळे. मुलाचें पहिलें साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ अथवा विटकरीचा चुरा पसरावयाचा आणि त्यांत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें. चुकलें तर फळी हलवावी. चूक पुसली जाते आणि फळी पुन्हा कोरी होते. कागद दुर्मिळ, शाई महाग. धूळ मात्र फुकट. धुळाक्षरें चांगलीं वळलीं म्हणजे मग बोरू, शाई आणि मोडीचा कित्ता.

अक्षर गिरवितांना मुलानें तें मोठ्यानें म्हणावयाचें असा या शाळेचा दंडक होता. म्हणजे डोळा, हात, तोंड आणि कान हीं चारी एकाच वेळीं कामास लागत. वाचणें आणि लिहिणें हे दोन निराळे विषय नव्हते. लिहितां लिहितां वाचणें येई. पुढें जें वाचावयाचें तेंहि पुस्तक नसे, तर कोणाच्या घरचें जुनें पत्र, खत, कर्जरोखा असा व्यवहारांतला कागद असे.

अंकांचा मार्ग मुख्यतः कानाचा. सायंकाळीं दिवे लागले कीं घरोघर परवचा म्हणावयाचा. पाढ्यांची उजळणी, श्लोक आणि स्तोत्रें. आणि पाढे कसले, तर नुसते बेचे आणि तिनाचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. आजच्या मुलास अपूर्णांक चौथी-पांचवींत भेटतो आणि भेटल्याबरोबर भीति वाटते. त्या काळच्या सात-आठ वर्षांच्या मुलास तो गाण्याच्या ठेक्यांत आधींच भेटलेला असे.

याचें कारण बाजारांत होतें. इंग्रजी अमदानींत रुपयाच्या चार पावल्या, सोळा आणे, चौसष्ट पैसे. धान्याच्या मापांत दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जेथें सारें जग पावांत आणि अर्ध्यांत विभागलेलें, तेथें पावकी हें पाठांतर नसून हत्यार होतें. दीड आणा दराचें सात शेर धान्य घेतलें तर दिडकी येणारा मुलगा बोट न मोडतां साडेदहा आणे सांगे. तेरा हात कापड सव्वा आण्यानें घेतलें तर सवायकी सव्वासोळा आणे देई. लिहिण्याची रीतहि तशीच सोपी. अंकापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. जितके पाव तितक्या रेघा. अंश आणि छेद यांची शिडी न चढतां मूल अपूर्णांक डोळ्यांनीं मोजूं शके.

धुळींत अंक शिकण्याची ही रीत परक्यांच्याहि नजरेंत भरली. पिएत्रो देला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ सालीं कर्नाटकांत इक्केरीकडे जात असतां एका देवळाच्या ओसरीवर कांहीं मुलें जमिनीवर वाळू पसरून, तींत बोटानें आंकडे काढून आणि एका सुरांत म्हणून उजळणी करतांना त्यानें पाहिलीं. शिक्षक जवळ नव्हता. मुलें एकमेकांस शिकवीत होतीं. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेंत अनाथ मुलांची शाळा चालविणारे अँड्र्यू बेल यांनीं तेथील देशी शाळेंतील वाळूवरील लेखन पाहून तें आपल्या शाळेंत आणलें, मोठ्या मुलांनीं लहानांस शिकविण्याची पद्धति बसविली, आणि १७९७ सालीं इंग्लंडांत त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. हीच पद्धति बेल आणि लँकेस्टर यांचें नांव घेऊन, जणूं विलायती माल म्हणून, मुंबई इलाख्यांत परत आली.

येथवर ऐकून जुन्या शाळेचा अभिमान वाटूं लागला तर तो वाजवी आहे. परंतु तो पुरा करण्यापूर्वीं ओवरीच्या बाहेर पाहिलें पाहिजे. त्या ओवरींत बसत कोण? ब्राह्मण, वाणी, सोनार, कोठें कांहीं सुखवस्तु कुणबी यांचे मुलगे. मुलींस तेथें जागा नव्हती. महार, मांग, चांभार यांच्या मुलांस तर ओवरीची पायरीहि चढतां येत नव्हती. आणि जे आंत होते त्यांच्या वांट्यास छडी, अंगठे धरून उभें राहणें, उठाबशा आणि प्रसंगीं खुंटीस टांगणें. ज्याचा कान मंद, ज्याची जीभ जड, त्याचें बालपण या शाळेंत करपून जाई. पाठ झालेल्या पाढ्याचा अर्थ विचारण्याची तेथें सोय नव्हती. पंतोजींचा हात मुलाच्या हातावर होता, पण मुलाच्या मनावर त्यांचें लक्ष क्वचितच असे.

मात्र ओवरीबाहेर राहिलेल्या मुलींचें गणित अगदींच थांबलें होतें असें नव्हे. अंगणांतली ठिपक्यांची रांगोळी पहा. किती ओळी, दर ओळींत किती ठिपके, कोठें एक ठिपका कमी करावयाचा आणि कोठें वाढवावयाचा, हें चुकलें तर रेघ जुळत नाहीं. धान्य मापतांना आजी पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणे आणि पुढें दोन, तीन मोजीत जाई. शेजारीं बसलेली नात दर मापागणिक एक शब्द जोडी. वस्तु आणि संख्या यांची गांठ बांधणें ती हेंच. सागरगोटे, चिंचोक्यांची एकीबेकी, काचकवड्या या खेळांत सम-विषम, जोड्या आणि वजाबाकी आपोआप येत. शाळेंत पाढे होते पण वस्तु नव्हत्या. घरीं वस्तु होत्या पण त्यांना कोणी विद्या म्हणत नव्हतें. त्या दोहोंची गांठ पडावयास फार काळ जावा लागला.

पेशवाई गेली आणि छापखाना आला. मुंबईच्या शिक्षणमंडळींनीं मराठी पुस्तकें तयार करविलीं. जॉर्ज जर्व्हिस यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणविलीं, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ दिला. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं व्याकरण छापलें. मोडीच्या जागीं हळूहळू बाळबोध आली, धूळपाटीच्या जागीं दगडी पाटी आली. तासगांवची जहागीर वारसाअभावीं १८४८ सालीं इंग्रजी राज्यांत विलीन झाली आणि तें गांव पुढें सातारा जिल्ह्याचा एक तालुका बनलें. याच १८४८ सालीं पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. एक जहागीर बुडाली हें त्या वेळीं मोठें वर्तमान ठरलें असेल. कांहीं मुली पाटी घेऊन बसल्या याची नोंद शिव्याशाप आणि शेणमातीनें झाली. आज मागें वळून पाहतां त्या दोहोंतलें मोठें वर्तमान कोणतें, याविषयीं शंका उरत नाहीं.

परंतु शाळेचें दार जसजसें उघडत गेलें तसतसा मुलाचा हात मोकळा झाला असें मात्र घडलें नाहीं. सरकारी शाळेंत तपासनीस आला, इयत्ता आल्या, परीक्षा आली, आणि सहा वर्षांखालील मूल कोणाच्याच हिशेबांत राहिलें नाहीं. त्याचा विचार दुसरीकडे चालला होता. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांसाठीं खेळाची शाळा काढली आणि पुढें तिला ‘बालकांची बाग’ या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. रोम शहरीं डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं मजुरांच्या वस्तींत बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत खरखरीत कागदाचीं कापलेलीं अक्षरें होतीं. मूल त्यांवर बोट फिरवी आणि त्याबरोबर अक्षराचा ध्वनि उच्चारी. धूळपाटीवरचें बोट आणि काचकागदावरचें बोट यांत फरक तो काय? फरक एवढाच, पण फार मोठा, कीं पंतोजींच्या शाळेंत बोट दुसऱ्याच्या हुकमानें फिरे आणि बालगृहांत तें मुलाच्या इच्छेनें फिरत असे.

हा विचार भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति बालमंदिरांत आणला. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं तो मराठी मुलखांत रुजविला. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं दादरास शिशुविहार सुरू झाला. तेथपर्यंत बालशिक्षण हें शहरांतल्या सुस्थित घरांचें लेणें होतें. माँटेसोरीचीं साधनें महाग, तीं खेड्यांत कोण घेणार? १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी गुरांमागें जाई, कोणाच्या आईस मूल पाठविण्याचें प्रयोजन वाटेना. तेव्हां मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनेंच मुलांच्या अंगणांत जावें असें या दोघींनीं ठरविलें. त्यांतून जी बालवाडी उभी राहिली तिचें नांव अंगणवाडी.

अंगणांत महागडीं साधनें नव्हतीं. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें हींच साधनें झालीं. लहान-मोठें, जड-हलकें, कमी-अधिक हें मूल पानें लावतांना शिकलें. दहा बियांचा ढीग घातल्यावर दहा हा शब्द त्यास अर्थासह भेटला. १९५७ सालीं हें काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली मुलें गुरें राखावयास जातात म्हणून तेथें कुरणांतच शाळा भरविली, ती कुरणशाळा. आजीच्या मापट्याजवळ आणि रांगोळीच्या ठिपक्यांत जें गणित नांवावांचून राहिलें होतें, त्यास येथें प्रथमच शिक्षणाचा मान मिळाला. आणि ज्या मुलांस ओवरीची पायरी चढूं दिली नव्हती, त्यांच्या दारीं शाळा आपण होऊन गेली. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना देशांत सुरू झाली तेव्हां तिच्या केंद्रास अंगणवाडी हेंच नांव मिळालें, आणि बोर्डीचा तो शब्द देशभर गेला.

याच १९५७ सालच्या १ एप्रिलला आणखी एक बदल झाला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो आणि लिटर आले. आणा गेला तेव्हां पावकी-दिडकीच्या पायाखालचा बाजारच गेला. तासगांवच्या बाजारांत आज द्राक्षांची पेटी आणि बेदाण्याचा सौदा किलोच्या भावानें होतो. औटकी येत नाहीं म्हणून कोणाचें अडत नाहीं, आणि त्याबद्दल फार हळहळण्याचेंहि कारण नाहीं. हत्यार ज्या कामाचें तें काम सरलें. परंतु त्याबरोबर कानानें शिकण्याची संवयहि टाकून दिली, हा तोटा मात्र खरा.

मराठी मुलाच्या वांट्यास आणखी एक अडचण येते, ती त्याच्या भाषेंतली. ‘एकवीस’ म्हणतांना मूल आधीं एक म्हणतें, मग वीस; लिहितांना मात्र आधीं दोन, मग एक. म्हणून कित्येक मुलें एकवीस ऐकून १२ लिहितात. ‘एकोणसाठ’ ऐकतांच कानावर साठ पडतें आणि पाटीवर सहा उमटतो. लिहावयाचे असतात पांच आणि नऊ. त्यांतहि नियम पाळावा तर नव्याण्णवास ‘एकोणशंभर’ म्हणत नाहींत. संस्कृत-प्राकृतांतून झिजत आलेलीं हीं रूपें अकरापासून नव्याण्णवापर्यंत जवळजवळ एकेक करूनच शिकावीं लागतात. तासगांवाहून जतेच्या बाजूस गेलें कीं कानडी बोल ऐकूं येऊं लागतात. तेथें एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, आधीं वीस, मग एक; जसें लिहावें तसें बोलावें. एकाच जिल्ह्यांतलीं दोन मुलें, एकाच बुद्धीचीं. पण एकाची वाट सरळ आणि दुसऱ्याची वळणाची.

हें वळण सोपें करावें म्हणून २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ असें वाचन जुन्या शब्दांच्या शेजारीं देण्यांत आलें. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉक्टर मंगला नारळीकर होत्या. त्यावर वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळांत मोठा गदारोळ उठला, थट्टा झाली, भाषा बुडाली असें म्हटलें गेलें. वस्तुतः जुने शब्द काढलेले नव्हते. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलास एक पायरी दिली होती, एवढेंच. वादांत पुष्कळांचा सूर असा होता कीं आम्ही शिकलों तसें मुलांनीं शिकावें. पण जे शिकले त्यांचाच आवाज वादांत ऐकूं येतो. त्या शब्दांपाशीं अडून ज्यांनीं शाळा सोडली, ते वादास येत नाहींत. उलट हेंहि खरें, कीं ज्या सुशिक्षित घरांत ‘एकोणसाठ’ ऐकूनच येत नाहीं, ‘फिफ्टीनाईन’ ऐकूं येतें, तेथें तो शब्द पुस्तकानें वांचणार नाहीं. परवचा बंद पडला तो घरांतून, शाळेंतून नव्हे.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा पाया मानलीं, आणि खेळांतून, वस्तूंतून, गोष्टींतून शिकवावें असें सांगितलें. १९४५ सालीं बोर्डीच्या अंगणांत जें सुरू झालें होतें त्यावर अशी राजमुद्रा उमटावयास पाऊणशें वर्षें लागलीं. परंतु शहरांतील पुष्कळ घरांचा आग्रह अजून निराळाच आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल द्यावी, वर्ष संपेपर्यंत त्यानें शंभरापर्यंत लिहावें, आणि शेजारच्या मुलापेक्षां एक पान तरी पुढें असावें. त्या मुलानें शंभरापर्यंत म्हटलें, तरी त्याच्यापुढें सात चिंचोके ठेवून ‘किती’ म्हणून विचारावें. बोट एका चिंचोक्यावर आणि शब्द दुसऱ्यावर असा प्रकार पुष्कळदां दिसेल. म्हणणें आलें आहे, मोजणें अद्याप यावयाचें आहे. खुंटीला टांगणारे पंतोजी गेले. त्यांची घाई मात्र घरांत येऊन बसली आहे.

जुन्या शाळेकडून घ्यावयाचें तें एवढें: बोटाखालीं धूळ, कानांत ठेका, आणि चुकलें तर पुसून टाकण्याची मोकळीक. अंगणवाडीकडून घ्यावयाचें तें असें: मुलाच्या पुढ्यांत वस्तु, मुलाच्या मनाजोगा वेळ, आणि कोणतेंहि मूल पायरीखालीं न राहण्याची काळजी. यांपैकीं कशासहि मोठा पैसा लागत नाहीं. येत्या दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढतांना तीं एकाचीं चिन्हें मोठ्यांनीं भराभर काढून टाकूं नयेत. ताटांत थोडा रवा पसरून मुलास शेजारीं बसवावें, पहिला एक त्याच्या बोटानें काढूं द्यावा, आणि तो वांकडा आला तर ताट हलवून पुन्हा काढूं द्यावा. सरस्वतीस थोडा उशीर झाला तरी चालेल.